बैठक एक, पासबुकं वेगळी: पालकांनी मिळून मुलांसाठी पैसा कसा गुंतवावा

सोलापुरात भिशी कुणाला शिकवावी लागत नाही. साखर पेठेत, अशोक चौकात, जुळे सोलापूरच्या अपार्टमेंटमध्ये दर महिन्याला कुणाच्या तरी घरी चिठ्ठी निघते, सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा नाश्ता) आणि चहा होतो, आणि ज्याचा नंबर लागला त्याच्याकडे फ्रीज नाहीतर अंगठी येते. भिशीची खरी ताकद परताव्यात नसते, भिडेत असते. चार ओळखीच्या माणसांसमोर हप्ता चुकवायचा कसा, या भिडेपोटी माणूस पैसे बाजूला काढतो. हीच भीड मुलांच्या शिक्षणासाठी पंधरा वर्षं कामाला लावता येते. आणि ज्या घरात महिनाअखेरीला हातात काही उरत नाही, त्या घरातल्या मुलांनाही त्याच बैठकीत सोबत घेता येतं.

फक्त एक गोष्ट सुरुवातीलाच ठरवून टाका. पैसे एका डब्यात टाकायचे नाहीत. बैठक सगळ्यांची, खाती ज्याची त्याची. सामाईक असेल तो फक्त मदतीचा छोटा निधी. पुढच्या सगळ्या पायऱ्या या नियमाला धरून आहेत.

पहिली पायरी: घरं जमवणं

आठ ते बारा घरं पुरतात. त्याहून कमी असली की दोन घरं गावाला गेली तरी बैठक मोडते. जास्त झाली की ती सभा होते आणि सभेत कुणी खरं बोलत नाही. मुलांची वयं साधारण जवळची असावीत, म्हणजे प्रश्न एकाच वेळी येतात.

परिस्थितीने मागे असलेली घरं शोधायला लांब जाऊ नका. मुलांना शाळेत सोडणारे रिक्षावाले मामा, स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी, अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागावर किंवा टॉवेलच्या कारखान्यात काम करणारे वडील, घरी विड्या वळणारी आई. त्यांची मुलं बरेचदा आपल्याच मुलांच्या ओळखीची असतात. बारा घरांत तीन-चार घरं अशी असू द्या.

बोलावताना ‘आम्ही तुम्हाला मदत करणार आहोत’ असं म्हणू नका. ‘मुलांसाठी पैसे साठवायला आम्ही बसतो, तुम्हीही या’ एवढं पुरे. ते घर लाभार्थी म्हणून येत नाही, सभासद म्हणून येतं. त्याचं स्वतःचं बचतखातं असतं, निधीत त्याची वर्गणी असते (वीस रुपये का असेना) आणि ठराव करताना त्याचं मत सगळ्यांएवढंच मोजलं जातं. हे जमणार नसेल तर सरळ एखाद्या नोंदणीकृत संस्थेला देणगी द्या आणि आपापल्या एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम भरणं) करा. त्यातही काही वाईट नाही.

दोन स्थानिक गोष्टी ध्यानात ठेवा. आपल्याकडे विडी आणि यंत्रमागाच्या कामातली अनेक घरं घरात तेलुगू बोलतात, काही कन्नड. मराठी सगळ्यांना येतं. पण व्याज, वारसदार, मुदतपूर्व असले शब्द आपल्या भाषेत कुणी समजावले की माणूस शंका विचारतो, नाहीतर नुसती मान हलवतो. तेव्हा तेलुगू बोलणारी एक तरी व्यक्ती बैठकीत हवी.

दुसरी गोष्ट पगाराची. ‘ताई, महिन्याला पाचशे नाही निघत. आठवड्याचा पगार होतो त्या दिवशी शंभर घ्या. दुसऱ्या दिवशी मागाल तर नसतात.’ हे वाक्य थोड्याफार फरकाने प्रत्येक अशा घरातून ऐकू येतं, आणि ते शंभर टक्के खरं असतं. त्यामुळे नोकरदार घरांचा हप्ता एक तारखेच्या पुढे आणि या घरांचा पगाराच्या दिवशी ठेवा. ते शंभर रुपये तुम्ही गोळा करायचे नाहीत. ते त्या बाईंनी स्वतःच्या जनधन खात्यात, पेठेतल्या बँक मित्राकडे (बँकेने नेमलेल्या प्रतिनिधीकडे) किंवा पोस्टात भरायचे. तुमचं काम त्या दिवशी संध्याकाळी एक फोन करण्याचं.

दुसरी पायरी: एक पान कागद

पैसे एकत्र का करायचे नाहीत, याची कारणं नुसत्या भांडणाच्या भीतीपुरती नाहीत. अनेकांकडून पैसे घेऊन एकाने गुंतवायचे आणि नफा वाटायचा, असं सुरू केलं की २०१९ चा अनियंत्रित ठेव योजना बंदी कायदा, सामूहिक गुंतवणुकीबद्दलचे सेबीचे (शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेचे) नियम आणि महाराष्ट्राचा ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा १९९९ चा कायदा, यांपैकी कशात तरी पाय अडकू शकतो. हेतू चांगला होता, हा बचाव पोलीस ठाण्यात फारसा चालत नाही. शिवाय ज्याच्या नावावर सगळ्यांचे पैसे आहेत तो माणूस अचानक गेला, तर ते पैसे कागदोपत्री त्याच्या वारसांचे. मग त्या वहिनींच्या दारात बारा घरं जाऊन उभी राहणार का?

म्हणून कागदावर एवढं लिहा. प्रत्येकाची गुंतवणूक स्वतःच्या किंवा आपल्या मुलाच्या नावावर. कुणीही दुसऱ्याचा पासवर्ड, ओटीपी, एटीएम कार्ड किंवा सही केलेला कोरा चेक ठेवणार नाही. कुणीही बैठकीत स्वतःचं कमिशन असलेली वस्तू विकणार नाही. विमा एजंट किंवा फंड वितरक सभासद असेल तर त्याने ते पहिल्याच दिवशी सांगायचं, आणि आपल्याच बैठकीत धंदा करायचा नाही. निधीसाठी तिघांच्या नावाचं संयुक्त बचतखातं काढा आणि व्यवहार ‘संयुक्त सहीने’ ठेवा. अशा खात्याला सहसा यूपीआय मिळत नाही, चेक लिहावा लागतो. ते गैरसोयीचं वाटेल, पण तिघांना बसून चेक लिहावा लागतो तेव्हा तिघेही विचार करतात. तिघांपैकी एक सही मागे असलेल्या घरांपैकी कुणाची तरी असू द्या.

निधीतून व्याजाने पैसे द्यायचे नाहीत. धंदा म्हणून व्याजाने पैसे देण्याला महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी कायद्याखाली परवाना लागतो, आणि त्याहून वाईट म्हणजे आपल्याच मुलाच्या मित्राची आई आपली ऋणको होते. द्यायचं तर मदत म्हणून द्या. आणि निधी बारा घरांपुरता ठेवा. बाहेर पावत्या फाडून वर्गणी गोळा करायची इच्छा झाली तर आधी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जाऊन नोंदणीचं विचारा.

तिसरी पायरी: आधी स्वतःचं घर

हे लवकर उरकतो. तीन ते सहा महिन्यांचा खर्च बँकेत, कमावत्या माणसाचा साधा टर्म विमा (फक्त मृत्यू झाला तरच पैसे देणारा), घरचा आरोग्य विमा, आणि मग मुलाची एसआयपी. हा क्रम उलटा केला तर पहिल्याच आजारपणात मुलाचे पैसे मोडले जातात. क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर ती या सगळ्याच्या आधी.

हाच नियम दुसऱ्या बाजूलाही लावा. बचत गटाच्या नावाखाली मायक्रोफायनान्सचे (छोटी कर्जं देणाऱ्या कंपन्यांचे) दोन-तीन हप्ते चालू असलेल्या घराला रिकरिंग (दरमहा भरायची ठेव) काढायला लावणं म्हणजे एका हाताने सात टक्के घ्यायचे आणि दुसऱ्या हाताने त्याच्या तिप्पट द्यायचे. अशा घराची पहिली बचत म्हणजे सगळ्यात महाग कर्ज लवकर संपवणं. ते संपेपर्यंत त्यांनी बैठकीला यावं, हप्त्याचा आकडा सांगावा. तोच त्यांचा वाटा धरा.

चौथी पायरी: मुलाच्या नावाने काय घ्यायचं

सुकन्या समृद्धी या मुलींसाठीच्या सरकारी बचत योजनेपासून सुरू करू, कारण मुलगी दहा वर्षांच्या आतली असेल तर इथे फार विचार लागत नाही. पोस्टात किंवा बँकेत खातं निघतं, वर्षाला किमान २५० रुपये, जास्तीत जास्त दीड लाख. जानेवारी २०२४ मध्ये दर ८.२ टक्के झाला. सरकार दर तिमाहीला त्याचा आढावा घेतं. पैसे १५ वर्षं भरायचे, खातं पिकतं उघडल्यापासून २१ वर्षांनी. इथेच बहुतेकांची गल्लत होते: मुलगी २१ वर्षांची झाल्यावर नाही, खात्याला २१ वर्षं झाल्यावर. आठव्या वर्षी काढलेलं खातं मुलगी २९ ची होते तेव्हा पिकतं. मध्ये, ती १८ ची झाली किंवा दहावी पास झाली की शिक्षणासाठी शिलकीच्या निम्मी रक्कम काढता येते. म्हणून मुलगी पाळण्यात असतानाच खातं काढा. आधी काढलेल्या खात्यात २५० रुपये असले तरी चालतील, मुदतीचं घड्याळ सुरू झालेलं असतं.

महिना हजार रुपये १५ वर्षं भरले, म्हणजे १ लाख ८० हजार, आणि दर असाच राहिला, तर २१ वर्षांनी हातात साधारण साडेपाच लाख येतात, करमुक्त. एखाद्या वर्षी २५० सुद्धा भरायचे राहिले तर खातं कायमचं बंद पडत नाही. ५० रुपये दंड भरून पुन्हा चालू होतं. बैठकीत मार्च महिन्यात फक्त एवढंच विचारा: सुकन्या भरलं का?

मुलगा असेल तर पीपीएफ, म्हणजे सरकारचा सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी. दर एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के, मुदत १५ वर्षं. मुलाच्या नावाचं खातं आई किंवा वडील यांपैकी एकानेच काढायचं, आणि त्यांचं स्वतःचं खातं धरून मर्यादा वर्षाला दीड लाखच. ज्यांना बाजाराची भीती वाटते त्यांना हे आणि पोस्टाचं रिकरिंग (महिना १०० रुपयांपासून, पाच वर्षांचं) पुरे.

आता म्युच्युअल फंड. दहा वर्षांहून जास्त वेळ हाताशी असेल तरच. महिना हजाराची एसआयपी १५ वर्षं चालली तर वर्षाला ६ टक्क्यांनी २.९२ लाख, ८ टक्क्यांनी ३.४८ लाख, १० टक्क्यांनी ४.१८ लाख होतात. कुठला आकडा येईल ते कुणीही सांगू शकत नाही, आणि जो छातीठोक १५ टक्के सांगतो त्याला पुन्हा बैठकीत बोलावू नका. साध्या निफ्टी ५० इंडेक्स फंडाची (शेअर बाजारातल्या पन्नास मोठ्या कंपन्यांत पैसे लावणाऱ्या) डायरेक्ट, म्हणजे मध्यस्थाशिवायची, योजना घ्या. रेग्युलर योजनेत दरवर्षी कमिशन कापलं जातं. फरक एका टक्क्याचा धरला तरी वरच्या हिशेबात १० ऐवजी ९ टक्के पडतात आणि १५ वर्षांनी ४.१८ ऐवजी ३.८१ लाख दिसतात. हजार रुपयांच्या एसआयपीवर सदतीस हजार! ज्याला फॉर्म भरता येत नाही, घसरणीत हात धरायला कुणी लागतं, त्याने वितरकाला ते द्यावेत. पण माहीत असून द्यावेत. मार्च २०२० मध्ये बाजार काही आठवड्यांत एक तृतीयांशाहून जास्त पडला होता. अशा महिन्यात बैठक रद्द करू नका. गुंतवणुकीच्या दृष्टीने बैठकीचा सगळ्यात मोठा उपयोग तेव्हाच असतो: बारा माणसं मिळून कुणालाही एसआयपी थांबवू देत नाहीत.

फंड मुलाच्या नावावर घ्यावा की आई-वडिलांच्या? मुलाच्या नावावर घेतला तर खातेदार तो एकटाच. सहखातेदार नाही, वारसदार नाही. पैसे मुलाच्या, आई-वडिलांच्या किंवा कायदेशीर पालकाच्या खात्यातूनच जायला हवेत. म्हणजे काका, शेजारी किंवा आपला निधी परस्पर मुलाच्या फंडात पैसे भरू शकत नाही. काढताना पैसे मुलाच्या खात्यात येतात. उत्पन्नावरचा कर मात्र आई-वडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्या माथी. सुकन्या आणि पीपीएफचं व्याज करमुक्त असल्यामुळे तिथे हा प्रश्न नाही. नोकरदार घरांनी फंड आई-वडिलांच्या नावावर घेऊन मुलाला वारसदार करावं, असं माझं मत. हातावर पोट असलेल्या घरांना मी उलटा सल्ला देतो: मुलाच्याच नावावर ठेवा. आईच्या खात्यातले दहा हजार दिराच्या अडचणीला, नणंदेच्या बाळंतपणाला, कधी नवऱ्याच्या व्यसनाला जातात. ‘पोरीच्या नावावर आहेत, निघत नाहीत’ हे उत्तर तिथे फार उपयोगी पडतं.

२०२४ मध्ये आलेली एनपीएस वात्सल्य ही मुलांच्या नावाची पेन्शन योजना मुलाच्या म्हातारपणाकडे बघून बेतलेली आहे. कॉलेजच्या फीसाठी ती धरून चालू नका.

पाचवी पायरी: मदतनिधी

आकडे समोर ठेवून बोलू. आठ नोकरदार-व्यापारी घरांनी महिना ३०० रुपये आणि चार घरांनी महिना २० रुपये दिले, तर वर्षाला २९,७६० रुपये जमतात. एवढ्यात बरंच होतं, खर्चाचा क्रम मात्र चुकायला नको.

सगळ्यात आधी विमा. प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचा वर्षाचा हप्ता ४३६ रुपये, १८ ते ५० वयापर्यंत निघतो, मृत्यू झाल्यास घरच्यांना २ लाख. सुरक्षा विम्याचा हप्ता २० रुपये, १८ ते ७० वयापर्यंत, अपघाती मृत्यूला २ लाख. दोन्ही बँकेच्या खात्यातून कापले जातात. चार घरांतल्या आई आणि वडील दोघांचे मिळून ३,६४८ रुपये होतात. ज्या घरात एकच माणूस कमावतो तिथे याच्याइतका स्वस्तात मिळणारा आधार दुसरा नाही. वर्ष १ जूनला सुरू होतं, हप्ता मेअखेरीस कापला जातो आणि त्या दिवशी खात्यात पैसे नसले तर विमा गेला. पुन्हा घेतला की पहिले ३० दिवस अपघात सोडून दावा मिळत नाही. म्हणून २० मेच्या सुमारास निधीतून प्रत्येकाच्या खात्यात ४५६ रुपये पाठवा आणि जूनच्या बैठकीत पासबुकावरची कपात स्वतः बघा. नवऱ्याचा विमा आहे हे बायकोला माहीत असलं पाहिजे. दोघांना समोर बसवून सांगा, आणि बँकेचं नाव व शाखा रेशनकार्डाच्या प्लॅस्टिक पिशवीत चिठ्ठीवर लिहून ठेवा. नाहीतर माणूस जातो आणि दावा करायचं कुणाला सुचतही नाही.

मग जोड. त्या घराने मुलाच्या खात्यात महिन्याला २५० भरले की निधीतून २५० आईच्या खात्यात, तेही मुलाच्या खात्यात भरण्यासाठी. चार घरांचे वर्षाचे १२,००० झाले. त्यांनी भरले नाहीत तर त्या महिन्याला जोड नाही. पण दम द्यायचा नाही, कारण विचारायचं. साधारणपणे कारण एक तर आजारपण असतं नाहीतर काम बंद.

उरलेल्या १४,११२ पैकी आठ हजार जूनसाठी ठेवा, घरटी दोन हजार. वह्या, बूट, दप्तर, रिक्षाचं भाडं सगळं त्याच पंधरवड्यात येतं आणि नेमकं तेव्हाच अशी घरं दागिना गहाण टाकतात. बाकीचे सहा हजार अडीअडचणीला. वस्तू विकत घेऊन वाटू नका. दोन हजार खात्यात द्या. कुठला बूट घ्यायचा ते त्या आईला आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

करापुरतं एक: नातेवाईक नसलेल्यांकडून एका व्यक्तीला वर्षात एकूण ५०,००० रुपयांपेक्षा जास्त मिळाले तर ती सगळी रक्कम करपात्र उत्पन्नात धरली जाते. आपले आकडे त्याच्या खूप खाली आहेत, पण इंजिनिअरिंगची फी भरायची वेळ आली तर लक्षात असू द्या. आणि अशी मदत थेट व्यक्तीला केली तर देणाऱ्याला कुठलीही करसवलत नाही.

आता पैशापेक्षा मोठी मदत. आपल्यासारख्या घरांकडे असलेली सगळ्यात मौल्यवान वस्तू तीनशे रुपये नाही. फॉर्म न घाबरता भरता येणं ही आहे. निधी एका मुलाला वर्षाला पाच हजार देईल. आठवीत एनएमएमएसची (केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची) परीक्षा पास होऊन निवड झाली तर सरकार नववी ते बारावी दर वर्षी १२,००० देतं, चार वर्षांचे ४८,०००. त्यासाठी मूल सरकारी किंवा अनुदानित शाळेत हवं, पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. सातवीतच कुणी तरी ‘ही परीक्षा असते’ असं सांगून रविवारी गणित-बुद्धिमत्तेचा सराव घेतला तर त्या दोन तासांची किंमत निधीपेक्षा मोठी होते. बैठकीतल्या एका निवृत्त आजोबांना हे काम द्या.

विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्राच्या श्रम मंत्रालयाची शिष्यवृत्ती आहे, इयत्तेप्रमाणे वर्षाला १,००० ते २५,००० रुपये. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरायचा आणि आईचं विडी कामगार ओळखपत्र लागतं. १ एप्रिल २०२३ ला किंवा नंतर जन्मलेली मुलगी आणि पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर लेक लाडकी योजना: जन्मानंतर ५,०००, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि १८ पूर्ण झाल्यावर ७५,०००. अंगणवाडी सेविकेकडे अर्ज होतो. वडील वारलेले असतील तर बाल संगोपन योजनेतून महिना २,२५० रुपये मिळू शकतात. महिला व बालविकास खात्याच्या जिल्हा कार्यालयात चौकशी करा. पहिलीत जाणाऱ्या मुलासाठी खासगी शाळेतल्या २५ टक्के राखीव जागा आहेत. तिथे भाड्याने राहणाऱ्यांना नोंदणीकृत भाडेकरार मागतात, आणि पेठेतल्या खोलीचा मालक तो करून देत नाही. अर्ज सुटायच्या दोन महिने आधी मालकाशी बोलायला तुमच्यापैकी वजन असलेल्या माणसाने जावं. करार नोंदवण्याचा खर्च निधीतून.

दिवाळीच्या सुट्टीत एक रविवार फक्त कागदांसाठी ठेवा. टेबलावर प्रत्येक घराची पिशवी उघडा: आधार, रेशनकार्ड, जन्मदाखला, बोनाफाईड, उत्पन्नाचा दाखला, पासबुक. मग नावं जुळवा. आधारवर आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक ‘एच’ जास्त, शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव तेलुगू वळणाचं, पासबुकावर मधलं नावच नाही. शिष्यवृत्ती अडते ती बहुतेक अशाच ठिकाणी, गुणांवर नाही. आधार दुरुस्तीला आणि दाखल्याला वेळ लागतो, म्हणून हे जूनमध्ये करून उपयोग नाही. शेवटी बँकेत विचारा की आधार कुठल्या खात्याला जोडलेलं आहे. सरकारी पैसे त्याच खात्यात जातात. पासबुक एका बँकेचं हातात आणि आधार जोडलेलं दुसरीकडे, विसरलेल्या खात्याला, हा प्रकार घरोघरी सापडतो.

सहावी पायरी: बैठक कशी चालवायची

महिन्यातून एकदा, दीड तास, घर बदलून. मागे असलेल्या घरीही बैठक व्हायला हवी. चहा आणि शेंगा याच्या पुढे खाणं जाऊ देऊ नका. एका घराने पावभाजी केली की पुढच्या घराला ओझं होतं.

आधी निधीचं पासबुक सगळ्यांच्या हातून फिरवा. मग प्रत्येकाने एकच सांगायचं: या महिन्याचा हप्ता गेला की नाही. किती गेला ते विचारायचं नाही. वीस हजार भरणारा आणि दोनशे भरणारी दोघेही ‘गेला’ एवढंच म्हणतात. हा नियम मोडला की दोनशेवाली पुढच्या महिन्यापासून येत नाही, आणि वीस हजारवाला शेअरच्या टिपा द्यायला लागतो. त्यानंतर वीस मिनिटं एक विषय: वारसदार कसा नोंदवायचा, टर्म विमा काय असतो, शैक्षणिक कर्ज कसं मिळतं. बँकेत काम करणारे सभासद असतील तर उत्तम.

कुणाला किती मदत गेली ते फक्त सही करणाऱ्या तिघांच्या वहीत. व्हॉट्सअॅपवर नाव नाही, दप्तर देतानाचा फोटो नाही, मुलांना तर काहीच सांगायचं नाही. वर्गात ‘तुझी फी माझ्या पप्पांनी भरली’ असं एकदा निघालं की ते घर तुटलंच म्हणून समजा.

सातवी पायरी: दारात येणारी आमिषं

बारा घरं नियमित बचत करतात ही बातमी पसरायला वेळ लागत नाही. पहिला येतो तो ‘चाइल्ड प्लॅन’वाला. विमा आणि गुंतवणूक एकत्र बांधलेल्या पॉलिसीत विमाही तोकडा आणि वाढही तोकडी. तीन वर्षांनी मोडायला गेलं की कळतं. दुसरा येतो पतसंस्थेचा पिग्मीवाला, दोन टक्के जास्त देणारा. बँकेतल्या ठेवीला प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे, सहकारी बँकांनाही आहे. पतसंस्थेला ते नाही. अडकलेल्या ठेवींसाठी लोकांनी मारलेले हेलपाटे सोलापूरला नवे नाहीत. मुलांचा पैसा तिथे नको, ओळखीचा संचालक असला तरी नको. तिसरा येतो तो आपलाच मेव्हणा. त्याच्या योजनेत पैसे दुप्पट होतात आणि तुम्ही दोन माणसं आणली की अजून लवकर होतात. त्याला चहा द्या.

आठवी पायरी: अठरा पूर्ण झाल्यावर, आणि मधेच कुणी गेलं तर

मुलगा किंवा मुलगी १८ ची झाली की त्यांच्या नावावरच्या फंडाची एसआयपी थांबते. पॅन, केवायसी (ओळखीची पडताळणी), बँकेत सही बदलणं हे सगळं नव्याने करावं लागतं, आणि ते होईपर्यंत पैसे निघत नाहीत. वाढदिवस मे महिन्यात आणि प्रवेशाची फी जूनमध्ये असेल तर पंचाईत होते. पॅन आणि मुलाचं बँक खातं सतराव्या वर्षीच करून ठेवा. शेअर फंडातले पैसे लागण्याच्या तीन वर्षं आधीपासून थोडे थोडे काढून मुदत ठेवीत न्या. मुलीच्या व्यावसायिक शिक्षणाचा हिशेब करताना एक गोष्ट धरा: २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल, मराठा आणि इतर मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना शासनमान्य प्रवेशात शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मग वसतिगृह, खानावळ आणि लॅपटॉप यांचाच खर्च उरतो, आणि पुण्यात तो फीएवढा होऊ शकतो.

सोलापूरची घरं पुण्याला जातात, हे धरूनच नियम करा. जाणाऱ्या घराची गुंतवणूक त्याच्या नावावर आहे, त्यामुळे हिशेब काही नाही. निधीतली दिलेली वर्गणी परत मिळणार नाही, एवढं पहिल्या कागदावर लिहिलेलं असावं. त्यांनी पुण्यातून ३०० पाठवत राहायचं ठरवलं तर घ्या, पण सही करणाऱ्यांतून त्यांचं नाव त्याच महिन्यात काढा आणि बँकेत नवा माणूस जोडा. मागे असलेलं एखादं घर सावरलं, मुलगा नोकरीला लागला, तर त्यांना जोड बंद झाल्याचं तुम्ही सांगायला जाऊ नका. जूनच्या आधी तिघांपैकी एकाने फक्त विचारायचं, ‘यंदा तुमचे वीसच धरू की तीनशे?’ उत्तर काहीही आलं तरी तेच वहीत लिहायचं.